बारा अंशांचा जॅक रंधा: लाकडाला चालतो, रेषेला नाही

पात्याची घासून तिरपी केलेली बाजू, म्हणजे उतार, वर ठेवून पातं बसवायचा हा रंधा ‘कुठल्याही लाकडाला, कुठल्याही रेषेला’ म्हणून विकतात. पहिलं मान्य. दुसऱ्यावर विसंबू नका. (रेषा म्हणजे लाकडातल्या तंतूंची दिशा.)

पातं १२ अंशांवर निजलेलं असतं. त्याला २५ अंशांची धार लावली की कापणीचा कोन ३७, ३८ची लावली की ५०. नेहमीच्या लोखंडी रंध्यात उतार खाली असतो, म्हणून धार कशीही लावा, कोन ४५च. इथे पातं बदललं की जणू रंधाच बदलला, आणि बदलायला वेळ लागत नाही, कारण पात्यावर जोडपट्टी, म्हणजे पात्याला चिकटून बसणारी दुसरी पट्टी, नाही. (तीच उणीवही. जोडपट्टी धारेला भिडवून कपच्या आवरायची सोय गेली.)

३७चं पातं फळीच्या आडछेदावर, म्हणजे तंतू आडवे कापलेल्या टोकावर, सुरेख चालतं. तेच फळीच्या अंगावर उलट्या रेषेत घाला: धार तंतूंखाली शिरते, चीर पात्याच्या पुढे पळते आणि खड्डा पडतो. ५०चं पातं तंतू उचलला जायच्या आत मोडतं. पण ढकलताना खांदे भरून येतात आणि लाकडावर ती झळाळी येत नाही. म्हणून ते मी गाठींपुरतंच काढतो.

बाकी वेळी फळीची कड बघतो. तंतू ज्या दिशेने वर चढत पृष्ठभागाला येतात, त्या दिशेने रंधा. मांजराला लव जाईल तसंच कुरवाळायचं, तसं. कडेवर नीट दिसत नसेल तर अंगावर उमटलेल्या वलयांच्या कमानी बघा. गाभ्याकडच्या बाजूला कमानीच्या टोकाच्या दिशेने जायचं, सालीकडच्या बाजूला टोकाकडून बुडाकडे. झाड वर निमुळतं होत जातं, म्हणून हे जमतं. खोड वाकडं असेल तर नियम फसतो, तेव्हा हलका हात मारून बघायचा. बाजू ओळखायला आडछेद पुरतो: वलयांचा फुगवटा सालीकडे असतो.

सापेली या आफ्रिकी झाडासारख्या लाकडात मात्र शेजारशेजारचे पट्टे उलटसुलट दिशांना झुकलेले. तिथे बरोबर दिशा नसतेच. ५०चं पातं, तोंड (पात्यापुढची फट) जवळजवळ मिटलेलं, अगदी पातळ सालपट. इथे या रंध्याने पैसे वसूल केले.

संचातलं दातेरी पातं मला लागलं नाही. दोन पाती घ्या, आणि ५०वालं आधी परजून ठेवा. कारखान्याची धार कामाची नव्हती.