घरच्या शेडमध्ये दुरुस्त करून उभी केलेली एमएम ५४०: पावसाळा आणि गळीत हंगाम वापरून झाल्यावर

गेल्या उन्हाळ्यात घरामागच्या शेडमध्ये दुरुस्त करून उभी केलेली १९९१ची महिंद्रा एमएम ५४० जीप आता अख्खा पावसाळा आणि बहुतेक गळीत हंगाम पाहून झाली. इतके दिवस मुद्दाम लिहिलं नाही. रंग नवा असताना सगळ्याच गाड्या झकास दिसतात.

निकाल आधी सांगतो. एकुलती एक गाडी म्हणून ही घेऊ नका, घरच्यांचे टोमणे खाऊनच पोट भरेल. पण शेतावर जायला, गगनबावडा-दाजीपूरकडं भटकायला आणि स्वतः पाना हातात धरायची हौस असेल तर एवढ्या पैशात दुसरं काही सुचत नाही. आणि कोल्हापुरात राहणाऱ्याचं काम आधीच निम्मं सोपं झालेलं असतं, कारण लेथ-वर्कशॉपांचं उद्यमनगर हाकेच्या अंतरावर आहे. मात्र तिथं काय करून घ्यायचं आणि काय विकत आणायचं, हे कळायला हवं. माझं बजेट टिकलं ते एवढ्यावरच.

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही. प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, चार सिलिंडर, ९० मिमी बोअर, २११२ सीसी. साठच्या वर गेलं की इंजिन ओरडतं आणि शेजारच्याशी बोलायचं तर आपणही ओरडायचं. ॲव्हरेज अकरा-बाराचं. हे इंजिन मी खोललंच नाही. घेताना गार असताना चालू करून बघितलं, चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून वाफारा बघितला, निळा धूर नाही, रेडिएटरच्या पाण्यावर तेल नाही. असं इंजिन ‘आता एवढं खोललंयच तर’ म्हणून खोलायचं नसतं. त्या एका वाक्यानं भल्याभल्यांचं दिवाळं निघालंय. डिझेल फवारणारा पंप आणि नोजल तेवढे असे पंप दुरुस्त करणाऱ्याकडं कॅलिब्रेशनला दिले, ते घरी करायचं कामच नाही. हीटर प्लग चारही नवे टाकले. या इंजिनात डिझेल आधी शेजारच्या छोट्या कोठीत पेटतं, त्यामुळं गारठ्यात हीटरशिवाय नुसता स्टार्टर मारत बसलात तर बॅटरीच बसते. नवे प्लग टाकल्यापासून डिसेंबरातल्या सकाळीही तक्रार नाही.

घरी करण्यासारखं सगळ्यात मोठं काम पत्र्याचं. गाडी राधानगरीकडच्या शेतकऱ्याची. पायाखाली गोणपाट अंथरलेलं, ते चार महिने ओलं राहायचं, आणि मागच्या हौद्यात वर्षानुवर्षं युरियाची पोती. वरून नुसते फुगे दिसत होते. स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो सरळ आरपार जमिनीकडं गेला. चेसी मात्र शाबूत निघाली. हातोडी हळू मारत पुढून मागं जायचं: चांगल्या लोखंडावर टण्ण वाजतं, कुजलेल्या जागी भद्द. भद्द वाजलं तिथं चॉकनं खूण. माझ्या गाडीत मागच्या क्रॉस मेंबरला (चेसीच्या आडव्या पट्टीला) तेवढी एक जागा सापडली, ती बाहेरच्या वेल्डरकडून नीट प्लेट लावून वेल्ड करून घेतली. चेसीवर घरच्या स्वस्त वेल्डिंग मशीननं प्रयोग करू नका. फ्लोअरला १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा बसवला, ते काम शेडमध्येच झालं.

गंजाच्या औषधांबद्दल बरंच विचारतात. फॉस्फरिक ॲसिडवालं औषध चालतं, पण ग्राइंडरला वायर ब्रश लावून सुटा गंज काढल्यावरच. पापुद्र्यावर ओतलं तर वरचा थर काळा होतो आणि खाली गंज आपलं काम चालू ठेवतो. चाकांच्या वरच्या भागाला बाहेरून काळं डांबरी अंडरकोटिंग मारून घेतलं होतं. जुलैतच खडी लागून त्याचे पापुद्रे सुटले, आत पाणी अडकलं, आता ते खरवडत बसलोय. त्याच्याच शेजारी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर आणि वर ब्रशनं मारलेला साधा इनॅमल आहे, तो जसाच्या तसा. डांबरी थराचा खर्च वाचवा. बॉडीचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग पेंटरकडूनच मारून घ्या. त्याच्या हार्डनरमधला आयसोसायनेट फुप्फुसाला वाईट, रुमाल बांधून घरच्या शेडमध्ये फवारायची ती वस्तू नव्हे.

आता उद्यमनगर. महिंद्रानं १९४७ मध्ये विलीज जीप आपल्याकडं आणली आणि ते घराणं पुढं दशकानुदशकं चाललं, त्यामुळं पार्ट अजून मिळतात. पण मिळतात म्हणजे चांगले मिळतात असं नाही. शॅकलच्या (पाट्याची स्प्रिंग गाडीला टांगणाऱ्या कडीच्या) तयार पिना आणल्या तर हातानंच खुळखुळत होत्या. जुन्या पिना घेऊन ओळखीच्या टर्नर मामांकडं गेलो. त्यांनी व्हर्नियर लावला, कुठं किती झिजलंय ते खडूनं बाकावरच लिहिलं आणि गनमेटलचे बुश (पिन ज्यात फिरते त्या नळ्या) काढायचं ठरवलं. मी ट्रान्सफर केसमधला (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या डब्यातला) मधला शाफ्टही पुढं केला. त्यावर नीडल बेअरिंग थेट फिरतात, आणि नख फिरवलं की खाचा लागत होत्या. मामांनी तो बघून परत माझ्या हातात दिला.

“पिना-बुश दुपारपतोर देतो. ह्यो मात्र इकतच आण.”

“का हो मामा, टर्न करायला काय अडचण?”

“टर्न कुनीबी करंल. हार्ड करून ग्राइंड केल्याबिगर त्यो टिकायचा न्हाई, आन् एका नगासाठी भट्टी कोण लावतंय?”

पुढं सगळी खरेदी मी याच हिशेबानं केली. मऊ धातूचं, साध्या टर्निंगचं, वाकवण्या-वेल्डिंगचं काम इथं करून घ्यायचं: बुश, पिना, बॅटरीचा ट्रे, हूडच्या (वरच्या कापडी छताच्या) कमानी, सायलेन्सरचा पाइप. ज्याला हार्डनिंग लागतं किंवा जे पूर्ण बेअरिंग आहे ते विकत, आणि तिथं घासाघीस करायची नाही. शाफ्ट-बेअरिंगचा सेट नवा टाकल्यावर ट्रान्सफरचा खडखडाट गेला. ऑइल अजून थोडं पाझरतं. जीपवाले म्हणतात, ऑइल गळायचं थांबलं की समजायचं संपलं.

स्टेअरिंगबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथं लोक चुकीच्या ठिकाणी पैसे घालतात. चाळीसच्या पुढं खड्डा लागला की पुढची चाकं थडथड नाचायला लागतात. मग कुणी अलाइनमेंट करतं, कुणी स्टेअरिंग डॅम्पर बसवतं. निम्म्या वेळा दोष किंगपिनच्या (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिच्या) बेअरिंगमध्ये असतो. दोन्ही चाकं जोडणारा टायरॉड सोडवायचा, नकल (चाक धरून वळणारा सांधा) मोकळं करायचं आणि हातानं हलवून बघायचं. माझं पंख्यासारखं फिरत होतं. बेअरिंग नवी टाकली, मग शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी-जास्त करत बसलो. नकलच्या आर्मच्या भोकात हुकाचा ताणकाटा अडकवून काटकोनात ओढायचं आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या ओढीला नकल हलायला लागेपर्यंत शिम बदलायच्या. किचकट काम आहे, दुपार गेली, पण त्यासाठी वर्कशॉप लागत नाही. डॅम्पर लावलेला नाही आणि थडथड परत आलेली नाही.

ब्रेकला कंजुषी नको. माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम, बूस्टर नाही. ड्रम जोडीजोडीनं एकाच मापाला टर्न केले, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, होस सगळं नवं. पाइपला वळवायला सोपी म्हणून तांब्याची नळी सुचवणारे भेटतील. ती थरथरीनं कडक होऊन तडकते. स्टीलचीच घ्या. पाण्यातून बाहेर आल्यावर ओल्या ड्रमला ब्रेक लागतच नाही, म्हणून थोडं अंतर पॅडल हलकं दाबत जायचं. घरात कुणाच्या हाती किल्ली द्याल त्याला हे आधी सांगा.

पावसाळ्यात आणखी एक शिकायला मिळतं ते ॲक्सलच्या ब्रीदरचं, म्हणजे आतली हवा ये-जा करायला ठेवलेल्या छोट्या तोंडाचं. डिफरन्शियल चालून तापलेलं असतं, ते थंड ओढ्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी आत खेचते. घेतली तेव्हा माझ्या गाडीचे दोन्ही ब्रीदर चिखलानं बुजलेले होते आणि मागचं ऑइल दुधाळ झालेलं होतं. ब्रीदर काढून तिथं रबरी नळी लावली, तिचं तोंड वर बॉडीपर्यंत नेलं. खर्च किरकोळ. ऑगस्टमध्ये बावड्याकडच्या पाण्यातून नेऊन आणल्यावर ॲक्सलचा ऑइल प्लग उघडून बघितला, ऑइल स्वच्छ. (पाणी म्हणजे रस्त्यावर आलेलं पाणी. मसाई पठारासारख्या कातळी सड्यांवर पावसाळ्यात चाकं घालणाऱ्यांशी माझं जमत नाही. तिथली फुलं चार बोटांच्या मातीत उगवतात, एका टायरनं ती माती जाते.)

टायर ६.००-१६. हाच साइज ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला येतो, त्यामुळं दुकानात “हे बसतंय की” म्हणून स्वस्त जोडी पुढं सरकवतात. बसतं खरं, पण ते टायर ट्रॅक्टरच्या वेगासाठी केलेले असतात, हायवेला नाहीत.

कागदपत्रं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी आणि नंतर दर ५ वर्षांनी रिन्यू होतं, वर पर्यावरण कर. चेसी नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून घ्या, रंगाच्या थराखालचा घासून बघा. दुसरं इंजिन बसवलेली गाडी असेल तर ते आरसीवर चढलंय का बघा, नसेल तर हात लावू नका. रंगाचं म्हणाल तर सगळ्यांना मिलिटरीचा हिरवा हवा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२१व्या नियमानं ऑलिव्ह ग्रीन संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठीच राखलेला आहे. मी मूळचा पांढराच ठेवला, त्यामुळं आरसीवरही काही बदलावं लागलं नाही.

गाडीची किंमत सोडून खर्च दोन लाखांच्या आत बसला. सगळ्यात जास्त गेले ते ब्रेक, टायर आणि पत्र्यावर. दिव्यांचे बार, विंच, रुंद रिम यातलं काहीच घेतलं नाही आणि अजून कशाची उणीव भासली नाही.

राहिलेलं मोठं काम एकच, हूड. सध्याच्या हूडची शिलाई उसवलीय, काचेजवळून धार लागते आणि ती बरोबर ड्रायव्हरच्या मांडीवर पडते. एप्रिलमध्येच कुशनवाल्याकडं नंबर लावायचाय. जून उजाडला की तो कुणाचं ऐकत नाही.