द क्युअरचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ : पन्नाशीत ऐकलेले गॉथ

गॉथ संगीत, म्हणजे मृत्यू, शोक आणि उदासी यांत रमणारे, काळ्या पेहरावाशी जोडले गेलेले रॉक, हे तरुणपणातले वेड असून संसाराला लागल्यावर ते आपोआप उतरते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. द क्युअर या इंग्लिश बँडचा १ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झालेला हा अल्बम त्यांचे म्हणणे खोडून काढतो. २००८ नंतरचा त्यांचा हा पहिलाच नवा अल्बम. त्यात आठ गाणी आहेत, ती सगळी बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ याने एकट्याने लिहिली आहेत आणि एकूण अवधी सुमारे ४९ मिनिटांचा आहे. अल्बम आला तेव्हा स्मिथ ६५ वर्षांचा होता, आणि ते वय त्याने गाण्यांत कुठेही लपवलेले नाही, ही मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

नव्वदच्या दशकात नागपुरात हे संगीत आमच्यापर्यंत पोचत असे ते मुंबई-पुण्यात शिकणाऱ्या मित्रांनी भरून आणलेल्या कॅसेटींमधून. संक्रांत सोडून काळे नेसायचे नाही असा दंडक असलेल्या घरात राहून, मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या शहरात नखशिखांत काळ्या कपड्यांत वावरणे, म्हणजे वडीलधाऱ्यांशी आणि उन्हाशी एकाच वेळी भांडणे होते. तो पेहराव माझ्यापुरता आता सुती काळ्या कुर्त्यावर आला आहे. संगीताची ओढ मात्र कमी झाली नाही, तिने वळण घेतले. तेव्हा मला बाउहाउस या गॉथ बँडचे, पडद्यावर ड्रॅक्युला साकारणाऱ्या नटावरचे १९७९ चे ‘बेला लुगोसीज डेड’ हे गाणे सर्वाधिक प्रिय होते, कारण त्यातला मृत्यू रंगभूमीवरचा होता. आपली माणसे अंबाझरी घाटावर पोचवून आल्यावर त्या नाट्याची मोहिनी ओसरते, आणि जे संगीत शोकाजवळ घाई न करता बसून राहते, तेच पुन्हा पुन्हा लावावेसे वाटते.

‘अलोन’ या पहिल्याच गाण्यात स्मिथचा आवाज तीन मिनिटांहून अधिक काळ ऐकूच येत नाही. सायमन गॅलपचा जड बास आणि कीबोर्डचे लांबत जाणारे सूर यांनी आधी सगळी जागा भरून घेतली जाते. विशीत मी ही प्रस्तावना न ऐकता गाणे पुढे सरकवले असते, आज मला ती अजिबात लांब वाटत नाही. ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’ हे गाणे स्मिथने आपला थोरला भाऊ रिचर्ड याच्या मृत्यूवर लिहिले आहे. त्यात पियानोची एक साधी सुरावट सतत परतत राहते, आणि शब्द इतके थेट आहेत की गॉथची नेहमीची प्रतिमासृष्टी तिथे जवळजवळ गळून पडते. भावंड गमावलेल्या कोणाही श्रोत्याला, मग त्याने आयुष्यात कधी काळे घातलेले नसो, हे गाणे समजेल. १९८९ चा ‘डिसइंटिग्रेशन’ हा द क्युअरचा अल्बम स्मिथने तिशीच्या उंबरठ्यावर केला होता आणि त्यात वय सरण्याची धास्ती होती. इथे ते वय प्रत्यक्ष सरलेले आहे, आणि तरी त्याचा आवाज आश्चर्य वाटावे इतका शाबूत आहे.

उणिवाही आहेत. ‘ड्रोन:नोड्रोन’मधले कर्कश गिटार मला बाकीच्या गाण्यांपासून तुटलेले वाटते. ध्वनिमिश्रणही फार दाट आहे. विशेषतः ‘वॉरसाँग’मध्ये वाद्ये एकमेकांवर इतकी चढतात की शब्द नीट कळत नाहीत.

दहा मिनिटांहून अधिक लांबीचे ‘एंडसाँग’ मात्र सर्व दोष भरून काढते. त्याचा अर्ध्याहून अधिक भाग नुसत्या वाद्यांचा आहे, म्हणून मोबाइलच्या स्पीकरवर किंवा कामाच्या गडबडीत ते ऐकण्यात अर्थ नाही. चांगले हेडफोन घ्यावेत, आवाज मध्यम ठेवावा आणि आठही गाणी क्रमानेच ऐकावीत. ज्यांनी हा बँड पूर्वी ऐकलेला नाही, त्यांनी आधी ‘डिसइंटिग्रेशन’ ऐकून मगच याकडे यावे.