ईपीसीआयएस २.० आणि आमचा डिजिटल ट्विन: काही महिन्यांच्या वापरानंतर

चाकणच्या आमच्या कारखान्यात गिअरचे भाग बनतात. मशीन शॉपचा डिजिटल ट्विन (संगणकात चालणारी त्याची प्रतिकृती) सिमपाय या पायथॉनच्या सिम्युलेशन लायब्ररीत बांधला, तेव्हा सायकल टाइम, ब्रेकडाउन, शिफ्ट हे सगळं लवकर बसलं. घोडं अडलं ते पुरवठ्याच्या डेटापाशी. ईआरपीच्या (कंपनीच्या खरेदी-साठा-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या) नोंदी हिशेबासाठी लिहिलेल्या असतात. माल प्रत्यक्ष कधी, कुठे होता हे त्यांतून थेट कळत नाही, आणि ट्विनला तर तेवढंच हवं असतं. म्हणून मधला थर म्हणून जीएस१ या बारकोडची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं ईपीसीआयएस २.० घेतलं. मालाच्या हालचाली घटना म्हणून नोंदवायचं हे मानक. ईआरपी, गेट रजिस्टर आणि वेंडरचे चलन यांतल्या नोंदी आधी त्या साच्यात आणायच्या आणि ट्विनने फक्त तिथूनच वाचायचं, असा नियम केला. आज कोणी विचारलं तर मी बिनधास्त घ्या म्हणेन. फक्त त्यात काय नाही तेही आधी समजून घ्या.

सगळ्यात मोठा फायदा वेळेचा. एक उदाहरण देतो. कास्टिंगची गाडी सकाळी सव्वासहाला गेटवर आली. लाइन रिकामी पडत होती म्हणून स्टोअर्सने आठच्या सुमारास एक ट्रॉली तशीच लाइनवर दिली. तपासणी, मग जीआरएन (माल स्वीकारल्याची नोंद). ती ईआरपीत पडली पावणेबाराला. जीआरएनची वेळ धरून चाललेला ट्विन सांगतो की लाइन पावणेबारापर्यंत उपाशी होती. प्रत्यक्षात ती आठपासून चालू होती. ईपीसीआयएसमध्ये गेटवर येणं, तपासणी, स्वीकार, लाइनला देणं या वेगवेगळ्या घटना असतात आणि प्रत्येकीला स्वतःची वेळ. शिवाय घटना घडली कधी आणि तिची नोंद डेटाच्या भांडारात पोचली कधी, हे दोन रकाने साच्यातच वेगळे आहेत. गेट रजिस्टर जोडल्यावर आमच्या ट्विनमधला उणे साठा (माल येण्याआधीच वापरलेला दिसणं) जवळजवळ नाहीसा झाला. सुरक्षा केबिनमधली ती वही किती मोलाची आहे, हे प्लॅनिंगवाल्यांना तेव्हा पटलं.

टाइमझोनचा रकानाही सक्तीचा आहे आणि ते फार बरं आहे. एका वेंडरच्या पोर्टलवरून वेळा यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत येत होत्या. पहाटे तीनला निघालेली गाडी आदल्या रात्री साडेनऊला निघालेली दिसायची, म्हणजे तिसऱ्या शिफ्टचा माल दुसऱ्या शिफ्टच्या खात्यात. प्रत्येक घटनेला +०५:३० लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही म्हटल्यावर ही गडबड नोंदी साच्यात आणणाऱ्या कन्व्हर्टरच्या पहिल्याच टप्प्यात पकडली जाते.

फोर्जिंगचं काम जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्या कारखान्याकडे करायला जातं. पोलादाचे बार किलोवर मोजून बाहेर जातात आणि परत येतात ते नगांवर मोजलेले भाग. ईआरपीत हा हिशेब दोन चलनांत विखुरलेला असतो. इथे त्यासाठी ट्रान्सफॉर्मेशन इव्हेंट आहे: आत काय गेलं, बाहेर काय आलं, एकाच नोंदीत. किलो असेल तर एकक ‘केजीएम’ लिहायचं, नग असतील तर एकक लिहायचंच नाही. प्लेटिंगला (धातूचा मुलामा देण्याला) मात्र हा इव्हेंट लावू नका. भाग तोच राहतो, संख्या तीच राहते. तिथे साधा ऑब्जेक्ट इव्हेंट (त्या मालाचं काय झालं एवढंच सांगणारी घटना) पुरतो. प्रत्येक नगाला सिरियल नंबर हवाच असंही नाही. लॉट आणि संख्या एवढ्यावर काम भागतं, आणि आमच्यासारख्या धंद्यात तेच शक्य आहे.

जीआरएन रिव्हर्स झाली तर? जुनी घटना पुसायची नाही, ती चुकीची होती अशी घोषणा जोडायची आणि दुरुस्त घटनेचा क्रमांक द्यायचा. ट्विनला माल आला आणि परत गेला असा भास होत नाही. ही सोय मला मनापासून आवडली.

आता उणिवा. ईपीसीआयएस घडलेलं सांगतं, ठरलेलं सांगत नाही. डिलिव्हरी शेड्यूल, बीओएम (कशाला कोणते भाग किती लागतात ती यादी), ऑर्डर यांना तिथे जागा नाही. त्यांचं रूपांतर वेगळं करावं लागतं आणि आमचं ते अजून अर्धवट आहे. जेसन, म्हणजे या घटना ज्या मजकूर-साच्यात लिहितात ती फाइल, फार लांबलचक होते. बहुतेक लहान वेंडरांकडे जीएस१चे नंबर नसतात. आपल्या कंपनीच्या यूआरआयने (वेब पत्त्यासारख्या ओळखीने) ओळख देता येते, पण मग पार्ट नंबरची मास्टर यादी एका माणसाच्या ताब्यात हवी. ‘००४७१२’चे सुरुवातीचे शून्य स्प्रेडशीटमध्ये गळून पडले की एकाच भागाचे दोन भाग होतात. पार्ट नंबर सुरुवातीपासून मजकूर म्हणूनच वाचा.

एक गोष्ट कुठलंही मानक तुमच्यासाठी ठरवत नाही, ती म्हणजे ट्विनला लीड टाइम (माल पोचायला लागणारा वेळ) कसा द्यायचा. सरासरी देऊ नका. ‘कोल्हापूरहून २ दिवस’ असं लिहिलं की ट्विनमध्ये गाड्या कधी उशिरा येतच नाहीत आणि साठा कमी ठेवला तरी चालेल असं दिसतं. आम्ही गाडी निघाल्यापासून गेटवर येईपर्यंतचा प्रत्यक्ष वेळ घटनांतून काढतो आणि सिमपाय त्यातूनच आकडे उचलतं. पण ऑगस्ट २०१९च्या पुराचे दिवस त्यातून बाजूला ठेवले. तेव्हा कोल्हापूरजवळच्या शिरोलीपाशी महामार्गच पाण्याखाली होता. ते दिवस मिसळले तर एरवीचा प्रत्येक महिना उगाच भयंकर दिसतो, आणि टाकून दिले तर पावसाळ्याची तयारी करताच येत नाही. म्हणून त्यांचा वेगळा प्रसंग करून ठेवला आहे आणि जूनमध्ये साठ्याचं नियोजन करताना तो मुद्दाम चालवतो. जुनी जीआरएन रूपांतरित करायचा कंटाळा करू नका, ते एवढ्यासाठीच. सुरुवात एका वेंडरपासून करा, ज्याच्या उशिरामुळे लाइन खरोखर थांबते त्याच्यापासून.