प्रॉक्सी कुठल्या पत्त्यावरून बोलते? स्क्विडसोबतचे आठ महिने

आमचं ऑफिस पुण्यात, माणसं साठेक, आणि बाहेर इंटरनेटवर जाणारी सगळी वर्दळ एका डेबियन (लिनक्स) मशीनवरच्या स्क्विडमधून. स्क्विड म्हणजे प्रॉक्सी, सगळ्यांच्या वतीने बाहेरच्या सर्व्हरशी बोलणारा मध्यस्थ. मशीनला एकच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) होता तोवर मला या विषयाची गरजच पडली नव्हती. मग एसएमएस पाठवणाऱ्या एका कंपनीने सांगितलं, खऱ्या ग्राहकांना जाणारे मेसेज आम्ही व्हाइटलिस्ट केलेल्या, म्हणजे परवानगीच्या यादीतल्या, एकाच पत्त्यावरून घेऊ, चाचणीचे त्या पत्त्यावरून नकोत. म्हणून त्याच नेटवर्क कार्डावर दुसरा पत्ता टाकला. इथे मी त्यांना २०३.०.११३.१० आणि २०३.०.११३.११ म्हणतो, खरे वेगळे आहेत. १० चाचणीसाठी आणि बाकी सगळ्यासाठी, ११ फक्त लाइव्हसाठी, म्हणजे खऱ्या ग्राहकांच्या मेसेजसाठी.

पहिली चूक अगदी बाळबोध. लाइव्ह सर्व्हरना सांगितलं, प्रॉक्सी म्हणून ११ वापरा. मला वाटलं, ज्या दारातून आत आले त्याच दारातून बाहेर जातील. तसं होत नाही. क्लायंट ते प्रॉक्सी हे एक कनेक्शन, प्रॉक्सी ते बाहेरचा सर्व्हर हे दुसरं. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. दुसऱ्या कनेक्शनचा पत्ता स्क्विडने सांगितला नाही तर कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडतो. तो राउटिंग टेबल, म्हणजे कुठे जायला कुठली वाट याची यादी, बघतो, त्या वाटेवर (राउटवर) सोर्स, म्हणजे निघण्याचा पत्ता, लिहिलेला असेल तर तो घेतो, नसेल तर साधारणपणे त्या कार्डाचा प्रायमरी (मुख्य) पत्ता. ‘आयपी राउट गेट’ या कमांडला बाहेरचा एखादा पत्ता दिला की उत्तरात ‘एसआरसी’पुढे दिसतं कोण जाणार ते. आमच्याकडे १० दिसत होता. झालं.

यावर स्क्विडचं औषध म्हणजे टीसीपी_आउटगोइंग_ॲड्रेस. पत्ता लिहायचा, पुढे एसीएल, म्हणजे ही ओळ कोणाला लागू ते सांगणारी अट. ओळी वरून खाली वाचल्या जातात, पहिली जुळली ती लागू. मी एकच ओळ लिहिली: लाइव्ह सर्व्हरच्या सोर्स एसीएलसाठी ११. बाकीच्यांसाठी काहीच नाही, कारण ते तसेही १० वरून जातात. पाच मिनिटांचं काम. ही सोय मला आजही आवडते, तक्रार पुढची आहे.

दोन आठवड्यांनी एसएमएसवाल्यांच्या सपोर्टचा फोन. “सर, तुमचे टेस्टवाले मेसेज लाइव्हच्या आयपीवरून येतायत.” मी म्हटलं शक्यच नाही. कॉन्फिग उघडून दाखवायच्या तयारीत होतो! त्यांनी वेळा पाठवल्या. सगळ्या दुपारच्या. पहाटे चालणाऱ्या चाचण्या मात्र नेमाने १० वरून गेलेल्या. एखादी गोष्ट बंद पडली तर माणूस शोधतो. इथे जे चालायला नको ते अधूनमधून चालत होतं, त्यामुळे आमच्या बाजूने कोणाला पत्ताच नव्हता.

ॲक्सेस लॉगच्या फॉरमॅटमध्ये बाहेरच्या कनेक्शनचा स्थानिक पत्ता आणि स्थानिक पोर्ट (आपल्या टोकाचा क्रमांक) छापायची सोय आहे. ती चालू केली आणि दुसऱ्याच दिवशी गाठ सुटली. दुपारी लाइव्हची एक रिक्वेस्ट ११ वरून, पोर्ट ४१८७२. नऊ सेकंदांनी चाचणीची रिक्वेस्ट, पत्ता ११, पोर्ट तोच ४१८७२. म्हणजे नवीन कनेक्शन झालंच नव्हतं. काम संपल्यावर स्क्विड सर्व्हरकडचं कनेक्शन लगेच तोडत नाही, मुळात एक मिनिट उघडं ठेवतो आणि त्याच ठिकाणी जाणारी पुढची रिक्वेस्ट त्यावर चढवतो. चाचणीच्या रिक्वेस्टला पत्त्याची अट नव्हती, मग मिळेल त्या गाडीत बसली. पहाटे लाइव्हची वर्दळ नसते, म्हणून उभी गाडीही नसते.

हे सगळं स्क्विडच्या कागदपत्रात त्या डिरेक्टिव्हखालीच लिहिलेलं आहे: क्लायंटवर अवलंबून असलेले एसीएल वापरणार असाल तर सर्व्हर_पर्सिस्टंट_कनेक्शन्स (सर्व्हरकडचं कनेक्शन उघडं ठेवून पुन्हा वापरणं) बंद ठेवा. मी वाचलं नव्हतं. तरी माझं म्हणणं आहे की कॉन्फिग तपासताना स्क्विडने एक ओळ तरी बोलायला हवी होती. आता ते बंद आहे, आणि १० साठीही शेवटी सगळ्यांना लागू होणारी स्वतंत्र ओळ आहे. एचटीटीपीएसला हा त्रास नाही, कारण तिथे ‘कनेक्ट’ रिक्वेस्टने क्लायंटपासून सर्व्हरपर्यंत जो बोगदा उघडतो तो असा दुसऱ्याला दिला जात नाही. पण आमचं एसएमएस गेटवे अजून साध्या एचटीटीपीवर आहे. असो.

दर रिक्वेस्टला नवं कनेक्शन म्हणजे पोर्ट संपतील का, ही धास्ती होती. लिनक्समध्ये नेहमीची मर्यादा ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८,२३२ पोर्ट. बंद झालेलं प्रत्येक कनेक्शन ६० सेकंद टाइम-वेटमध्ये (बंद झाल्यावरही पोर्ट अडकून राहतो ती अवस्था) धरलं, तर एका पत्त्यावरून एका ठिकाणी सेकंदाला ४७० च्या आसपास नवी कनेक्शनं. आमचा महिनाअखेरचा गर्दीचा दिवसही त्याच्या जवळपास गेला नाही.

चौथ्या महिन्यात आयपीव्ही६ने, म्हणजे नव्या पद्धतीच्या लांब पत्त्यांनी, छळलं (आतापर्यंतचे पत्ते जुन्या व्ही४चे). पेमेंटवाल्या एका सेवेने तिकडे व्ही६ चालू केलं आणि आमच्या रिक्वेस्टना कधी २०० (ठीक), कधी ४०३ (मनाई). स्क्विड ५ पासून व्ही४ आणि व्ही६ दोन्ही वाटा अजमावतो, आणि व्ही४चा पत्ता लिहिलेली ओळ व्ही६च्या कनेक्शनला लागत नाही. मग तिथे निवड परत कर्नलची, आरएफसी ६७२४ या इंटरनेट मानकाच्या नियमांनी. आमच्या कार्डावर व्ही६चे दोन पत्ते निघाले: एक मी हाताने दिलेला, दुसरा राउटरच्या जाहिरातीवरून आपोआप बनलेला. कर्नल वापरत होता दुसरा. सेवेच्या यादीत अर्थातच दोन्ही नव्हते. आपोआप पत्ता बनवणं बंद केलं, बनलेला काढून टाकला, त्याच एसीएलला व्ही६ची जोडओळ दिली आणि तो पत्ता त्यांना कळवला.

दुसऱ्या कंपनीची इंटरनेट लाइन आली तेव्हाचा किस्सा थोडक्यात. तिचा पत्ता स्क्विडमध्ये लिहिला, टीसीपीडंपमध्ये (जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारं साधन) पॅकेट त्या पत्त्यावरून निघालेलं दिसतं, उत्तर शून्य. पत्ता नव्या लाइनचा, पण डीफॉल्ट राउट (बाहेर जायची नेहमीची वाट) जुन्या लाइनचा. परक्या सोर्सचं पॅकेट जुन्या कंपनीने टाकून दिलं, आणि ते योग्यच केलं. पत्ता बांधला म्हणून वाट बदलत नाही. ‘आयपी रूल’ने त्या सोर्ससाठी वेगळा टेबल, त्यात वेगळा डीफॉल्ट राउट, मग चाललं.

एक शनिवार मात्र माझाच. नेटमास्क दुरुस्त करायला १० काढला आणि परत टाकला. तेवढ्यात ११ प्रायमरी झाला, १० सेकंडरी. स्क्विडला फरक पडला नाही, त्याच्या ओळी पक्क्या होत्या. पण त्याच मशीनवरची बॅकअपची स्क्रिप्ट स्क्विडमधून जात नाही, ती ११ वरून जाऊ लागली आणि पलीकडच्या फायरवॉलने अडवली. आता डीफॉल्ट राउटवरच सोर्स १० लिहिला आहे. त्याचीही एक खोच आहे: ज्याला सोर्स केलंय तो पत्ता काढला की तो राउटही सोबत जातो. हे मला एसएसएचवरून लांबून काम करताना, कनेक्शन तुटल्यावर, कळलं, त्यामुळे रविवारी सकाळी ऑफिसचं कुलूप उघडायला मीच गेलो.