निळ्या डेलियाच्या नावाखाली ८,२९० रुपये गेले

माझ्या गच्चीवर बावीस वर्षं डेलिया फुलतोय. पॉम्पॉन, कॅक्टस, कॉलरेट, डेकोरेटिव्ह, डेलियाचे सगळे प्रकार लावून झालेत. हे आधीच सांगतो, कारण ‘तुम्हाला एवढंही कळलं नाही?’ हे ऐकून कान किटलेत.

सप्टेंबरअखेर मोबाइलवर जाहिरात आली. हॉलंडचे कंद, बारा जातींचा संच, कंदाला ५७० रुपये. ताटाएवढा पिवळाधमक ‘केल्विन फ्लडलाइट’, दुधाळ कॉफीच्या रंगाचा ‘कॅफे ओ ले’, काळपट पानांचा लालभडक ‘बिशप ऑफ लॅन्डॅफ’. पुण्यातल्या मी पालथ्या घातलेल्या रोपवाटिकांत हंगामात रोपं मिळतात, पण या जाती नावानिशी मागितल्या की नकारच. म्हणून ६,८४० रुपये भरले. चार दिवसांनी ‘पार्सल विमानतळावर अडकलंय’ म्हणून आणखी १,४५०. पार्सल शेवटी आलं; त्यात काय निघालं ते पुढे सांगतो.

पण तो बारावा फोटो! स्वच्छ आकाशी निळा डेलिया. डेलियात निळा नसतो, हे मला पक्कं माहीत आहे. बहुतेक निळ्या फुलांत असणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य त्याच्यात तयारच होत नाही; ‘निळा’ म्हणून विकतात तो जांभळट असतो. मी विचारलंही, “निळा खरंच येतो का?” उत्तर आलं, “काका, नवीन जात आहे, शेवटचे तीन संच उरलेत.” तिथेच थांबायला हवं होतं. पण तोवर मनात मी ती कुंडी जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात मांडूनही झालो होतो.

पार्सल उघडलं तर पाच कंदांना मानच नव्हती. डोळे असतात ते खोडाच्या बुंध्याशी. तो भाग कंदाबरोबर आला नसेल तर कंद कितीही जाडजूड असो, कोंब फुटत नाही. घेताना आधी हे बघा. विक्रेत्याकडे तक्रार केली, तर त्याने मला ब्लॉक केलं. उरलेले सात लावले. चारांना पुढे एकसारखी बुटकी, एकेरी फुलं आली. तिघांना वेल फुटले, तेव्हा बायको म्हणाली, “अहो, ही तर रताळी!”

पार्सल उघडलं त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला होता. तक्रार क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. चौकीत दोन तास बसवून विचारलं, “फुलांसाठी तक्रार?” मग म्हणाले, ठाण्यात जा. ठाण्यातून सायबरकडे पाठवलं, तिथे कळलं की रक्कम लहान आहे. लहान कोणाला? ग्राहक हेल्पलाइनने माझ्याकडेच विक्रेत्याचा पत्ता मागितला. पत्ता असता तर मीच जाऊन दार वाजवलं नसतं का? चार खेपा झाल्या, रिक्षाचे ७६० रुपये वेगळेच, आणि प्रत्येक टेबलावर तीच हकीकत पहिल्यापासून सांगायची. चूक माझी असेल, पण गुन्हा त्याचा आहे, हे एकानेही म्हटलं नाही.

परदेशी कंद म्हणणाऱ्याकडे आयात परवाना आणि वनस्पती रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मागा. दोन्ही कायद्याने लागतात. विमानतळाचं शुल्क कोणाच्या खासगी खात्यावर भरायचं नसतं. बिल नाही तर पैसे नाहीत. चॅटचे स्क्रीनशॉट लगेच काढा, माझे अर्धे मेसेज त्याने पुसले.

काल तोच निळा फोटो नव्या नावाने दिसला. कंद आता ६५० रुपये. स्क्रीनशॉट छापून चौकीत नेला. अर्जाला जोडायलाही कोणी घेतला नाही.