उद्यमनगरात कार्बन चढवलेला माझा कॉम्प्युटर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचे नमुने, डिझाइन करते. दिवसभर कास्टिंगमधली पिनहोलं, म्हणजे बारीक छिद्रं, बघायची आणि रात्री घरी बाहेरची ड्रॉइंगची कामं. जुना लॅपटॉप थ्रीडी मॉडेल फिरवताना कण्हायला लागला, तेव्हा नवा कॉम्प्युटर जुळवून घेतला. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड. पार्ट्सचे ९८ हजार झाले. त्यात नवल काही नाही. नवल आहे ते केसवरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाहेरच्या पेटीवरच्या, कार्बनचं, म्हणून हे लिहितेय.

भावाच्या बाइकचं मडगार्ड उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये झालं होतं. बोर्ड नाही, बाजूला लेथचा खडखडाट. आतले दादा हातानं कापड अंथरून कार्बन फायबर करतात. बाजारात कार्बन म्हणून मिळतो तो बहुतेक व्हिनाइलचा स्टिकर असतो. इथं खरं कापड, थ्री-के ट्विल. थ्री-के म्हणजे एका दोऱ्यात ३००० तंतू. माझं माहेर इचलकरंजीचं, वडिलांचे माग होते, त्यामुळं ट्विल काय असतं हे मला कुणी सांगायला नको. दोन दोऱ्यांवरून, दोन दोऱ्यांखालून, दर ओळीला एक घर सरकत. म्हणून ती तिरकी रेघ दिसते.

समोरचं पॅनेल, वरची जाळीची चौकट आणि मदरबोर्डवरच्या एसएसडीचं (डेटा साठवणाऱ्या पट्टीचं) झाकण, एवढंच करायला दिलं. प्लॅस्टिक घासून खरबरीत करायचं, काळ्या इपॉक्सी रेझिनचा हात द्यायचा, तो चिकट असतानाच कापड बसवायचं, मग वरून रेझिनचे थर. सुकलं की २४० नंबरपासून २००० पर्यंत पाणपेपर. घासायचं काम पाण्यातच बरं, कारण कोरडी धूळ अंगाला खाजते आणि ती वीजवाहक असते. मी सगळे भाग सुटे करून नेले होते, कॉम्प्युटर घरीच.

गेले मी जुलैमध्ये, ही माझी चूक. पहिलं पॅनेल निघालं ते दुधाळ, वर मेणचट साय धरलेली. "ताई, पावसाळ्यात रेझिन रुसतंय," दादा म्हणाले. हवेतला दमटपणा रेझिन घट्ट करणारा हार्डनर ओढून घेतो, त्याचीच ती साय. साबणाच्या कोमट पाण्यानं ती धुऊन निघाली, पण खालचा दुधाळपणा गेला नाही. त्यांनी सगळं उतरवून नवं कापड घातलं, दोन हॅलोजन लावून सुकवलं आणि जादा एक रुपया घेतला नाही. दुसऱ्या वेळी भिंगाखाली धरलं तर पिनहोलं अवघी चार. आमच्या क्यूसीत, म्हणजे दर्जा तपासणीत, पास झालं असतं.

कोपरा मात्र कोपराच. सरळ भागात कुणीही चांगलं काम करेल, कापडाचा कस वळणावर लागतो. वडील बघायला आले, चष्मा कपाळावर चढवला आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथं आडवा धागा ओढला गेलाय." खरंच, रेघ तिथं किंचित वाकलीय. मला आठ दिवस दिसली नव्हती. आता दुसरं काही दिसत नाही.

आता एक महत्त्वाचं. कार्बनमधून वीज जाते. एसएसडीच्या झाकणाच्या कापलेल्या कडेला मी मल्टिमीटर लावला आणि तो टिंगदिशी वाजला. असलं झाकण मदरबोर्डवरच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकलं तर संपलंच. दादांना हे माहीत नव्हतं, गाडीच्या मडगार्डला कशाला लागतंय? सांगितल्यावर त्यांनी कडांना रेझिनचे दोन हात दिले. मीटर गप्प झाला, मग बसवलं.

दुसरा शहाणपणा माझाच. वाय-फायच्या अँटेनाला मागाहून शोभेचं कार्बनचं टोपण करून घेतलं. घातलं की नेट गायब, काढलं की हजर. कार्बन सिग्नल अडवतो हे पुस्तकात वाचलेलं, पण हौसेपुढं आठवलं नाही. ते टोपण आता टेबलावर पेनं ठेवायला आहे.

जोडणीचं काम राजारामपुरीतल्या एका दुकानाला दिलं होतं, त्याला मी पाचात दोन देईन. केबल नीट बांधल्या, पण ६००० वेगाची रॅम ४८०० वरच चालत होती. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, रॅमला पूर्ण वेग देणारं एक्स्पो चालू करायचं राहिलं. विचारलं तर "चालतंय की मॅडम." चालतंय, पण पैसे कशाचे दिले? ते मी घरीच दोन मिनिटांत केलं.

कार्बनचे साडेनऊ हजार घेतले, तिन्ही भाग मिळून. महाग म्हणाल तर महाग. तीन आठवडे लागले, त्यातला दीड आठवडा पावसाचा. जायचं असेल तर दिवाळीनंतर जा, आणि पॅनेलचे स्क्रू आपल्याच डबीत ठेवा. माझे दोन त्या शेडमध्ये हरवले.