जेट, माइल्स की बेन? अवकाशवेड्या मुलासाठी कोणती मालिका निवडाल

मुलाला रॉकेटचं वेड लागलं की टीव्हीवर चार नावं समोर येतात: 'रेडी जेट गो!', 'माइल्स फ्रॉम टुमॉरोलँड', 'बेन १०' आणि 'सुपर भीम'. चौघांची चित्रं शेजारी ठेवली तर वाटतं, कुठलीही लावा, काय फरक पडतो? फरक पडतो, आणि तो मुख्यतः वयाचा आहे. चार वर्षांच्या मुलासमोर बेन लावला, तर रात्री दिवा बंद करू देणार नाही. नऊ वर्षांच्या मुलीसमोर जेट लावला, तर दहाव्या मिनिटाला ती उठून जाईल.

आधी जेट, कारण चौघांत खरं खगोलशास्त्र त्याच्याकडेच सर्वांत जास्त आहे. क्रेग बार्टलेट यांची ही मालिका २०१६च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या पीबीएस किड्सवर सुरू झाली. जेट प्रोपल्शन हा बोर्ट्रॉन ७ या ग्रहावरून आलेला मुलगा. त्याच्या घरची गाडी उडती तबकडी होते आणि शेजारच्या शॉन व सिडनीला घेऊन तो सूर्यमालेत भटकतो. जेटला ग्रहांची सगळी माहिती आहे, पण पृथ्वीवरच्या साध्या गोष्टी त्याला नव्या वाटतात. त्यामुळे बघणाऱ्या मुलाला जेटपेक्षा काहीतरी जास्त ठाऊक असतं, आणि मुलं याच आनंदासाठी परत परत बघतात. शॉनला मंगळावर पाऊल ठेवायचं आहे, पण उड्डाणाची धास्तीही वाटते. भित्र्या मुलांना हा शॉन फार जवळचा वाटतो. अर्ध्या तासात साधारण अकरा मिनिटांच्या दोन गोष्टी असतात, आणि त्यांना जोडून खगोलशास्त्रज्ञ एमी माइन्झर स्वतः पडद्यावर येऊन खरं काय ते सांगतात. हा तुकडा पुढे ढकलू नका, सगळी मेहनत तिथे आहे. उणीव एवढीच, की मारामारी आणि खलनायक हवा असलेल्या मुलाला यात काही सापडत नाही. सुपरहीरो आहे, पण सिडनीच्या खेळात: ती कमांडर क्रेसिडा बनते.

माइल्स हा मधला मार्ग. ही डिस्ने ज्युनियरची मालिका २०१५मध्ये आली. माइल्स कॅलिस्टो आई, बाबा, बहीण लोरेटा आणि मर्क नावाच्या यांत्रिक शहामृगाबरोबर स्टेलोस्फिअर या यानातच राहतो. यानाची कॅप्टन आई आहे. मुलींच्या घरात ही गोष्ट आवर्जून मोलाची, आणि मुलांच्या घरात त्याहून जास्त. इथेही अकरा-अकरा मिनिटांच्या जोड्या आहेत. वेग जेटपेक्षा बराच जास्त, विज्ञान त्या मानाने पातळ. तिसऱ्या सीझनला 'मिशन फोर्स वन' हे नाव मिळालं आणि तिथून सूर पुरता साहसकथेचा झाला. पाच वर्षांच्या मुलाला पहिल्या सीझनपासूनच सुरुवात करून द्या.

बेनच्या बाबतीत पालक सर्वांत जास्त चुकतात, आणि चूक क्रमाची असते. पहिली 'बेन १०' कार्टून नेटवर्कवर २००५च्या डिसेंबर अखेरीस सुरू झाली. बेन दहा वर्षांचा, आजोबा मॅक्स आणि चुलत बहीण ग्वेनबरोबर सुट्टीत गाडीतून फिरणारा; त्याच्या मनगटाला ऑम्निट्रिक्स नावाचं परग्रहावरचं घड्याळ चिकटतं आणि तो दहा परग्रहवासीयांची रूपं घेऊ लागतो. त्यानंतर 'एलियन फोर्स' (२००८), 'अल्टिमेट एलियन' (२०१०), 'ऑम्निव्हर्स' (२०१२) अशी एकच कथा पुढे सरकते. 'एलियन फोर्स'मध्ये बेन पंधरा वर्षांचा झालेला असतो आणि वातावरण गंभीर होतं. २०१६ची 'बेन १०' मात्र नव्याने केलेली, हलकी, छोट्या भागांची. नाव तेच असल्याने यादीत दोन्ही शेजारी दिसतात, म्हणून लावण्याआधी साल बघा. सात-आठ वर्षांच्या मुलाला २०१६ची, नऊच्या पुढे २००५ची. जुन्या मालिकेतल्या घोस्टफ्रीकचे, म्हणजे बेनच्या भुतासारख्या रूपाचे भाग पहिल्यांदा मोठ्यांनी सोबत बसूनच दाखवावेत. बेनची खरी ताकद अशी, की घड्याळ नको त्या क्षणी संपतं किंवा चुकीचं रूप देतं, आणि मग डोकं चालवावं लागतं.

सुपर भीमबद्दल थोडक्यात: २००८पासून पोगोवर असलेल्या 'छोटा भीम'चा हा शक्तिमान, थ्रीडी अवतार. ओळखीचा चेहरा असल्याने लहान मुलं लगेच रमतात. ग्रहांची ओळख व्हावी असं वाटत असेल, तर मात्र यावर विसंबू नका.

आता भाषा. मराठी शाळेत जाणारं मूल हिंदी आवाजातलं कार्टून बघतं तेव्हा कानावर अंतरिक्ष, मंगल, बृहस्पति, क्षुद्रग्रह असे शब्द पडतात. पुढे पाचवीच्या परिसर अभ्यासात सूर्यमाला येते, तेव्हा तिथे अवकाश, मंगळ, गुरू, लघुग्रह असतात. हिंदीतले अरुण आणि वरुण म्हणजे आपले युरेनस आणि नेपच्यून, हे न सांगितल्यास मुलं त्यांना वेगळेच ग्रह समजतात. फ्रिजवर आठ ग्रहांची मराठी-हिंदी-इंग्रजी पट्टी चिकटवली की आठवड्याभरात गोंधळ मिटतो. जेट इंग्रजीत आहे, म्हणून मराठी माध्यमाच्या मुलाबरोबर पहिले चार-पाच भाग तरी मोठ्या माणसाने बसावं.

या प्रकारच्या कार्टूनमध्ये दोन चुका नेहमी दिसतात. निर्वात अवकाशात स्फोटाचा आवाज येतो. खरं तर हवा नाही तर आवाजही नाही. आणि लघुग्रहांच्या पट्ट्यातून यान दगड चुकवत जातं. प्रत्यक्षात तिथल्या मोठ्या दगडांमधलं सरासरी अंतर लाखो किलोमीटर असतं. अंतरं समजावायला आपल्या द्राक्षांच्या नाशिकमध्ये साहित्य घरातच आहे. दोन सेंटिमीटरचं द्राक्ष म्हणजे चंद्र धरा. मग पृथ्वी सव्वासात सेंटिमीटरची, म्हणजे बेताची मोसंबी. दोन्ही किती लांब ठेवायची, ते आधी मुलाला ठेवायला सांगा. बहुतेक मुलं वीतभर अंतर ठेवतात. बरोबर उत्तर सव्वादोन मीटर, दरवाजाच्या उंचीहून थोडं जास्त. याच मापाने सूर्य आठ मीटर रुंद आणि पृथ्वीपासून साधारण ८६० मीटर दूर, म्हणजे गल्लीच्याही पलीकडे.

वेळेचं गणित: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनेनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त पडदा नको. जेट किंवा माइल्सच्या दोन गोष्टी म्हणजे बावीस मिनिटं, तिथे थांबणं सोपं जातं. जुन्या बेनचा भाग एकसलग बावीस मिनिटांचा, मध्येच बंद केला तर भांडण ठरलेलं. वेळ कमी असेल तर तो लावूच नका.

घरात पाच आणि नऊ वर्षांची भावंडं असतील तर माइल्स घ्या, दोघंही बसतात. एकटं पाच-सहा वर्षांचं, सतत 'का?' विचारणारं मूल असेल तर जेट. मोठ्याला बेन, पण धाकटा झोपल्यावर.

पावसाळ्यात आकाश झाकलेलं असतं, तेव्हा नाशिक महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण तारांगणात जाता येईल. खेळाची वेळ आणि भाषा आधी विचारून घ्या. दिवाळीनंतर आकाश स्वच्छ होतं. तेव्हा गंगापूर धरणाकडे, शहराचे दिवे मागे टाकून, उत्तरेकडे तोंड करा. नाशिकहून ध्रुवतारा क्षितिजापासून वीस अंशांवर दिसतो. हात पूर्ण लांबवून मुलाला स्वतःच्या दोन मुठी एकावर एक धरायला सांगा. वरच्या मुठीच्या जरा वर तो सापडेल.